‘आई’ला लावलेला फोन: एका सेकंडहँड गाडीच्या स्टीरिओचं प्रकरण

माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, सांगलीत २०१७ची एक हॅचबॅक घेतली. सेकंडहँड. इंजिन, टायर, सस्पेन्शन सगळं मेकॅनिककडून तपासून घेतलं. चौथ्या दिवशी मिरजेहून परतताना त्याने स्टीरिओच्या स्क्रीनवर ‘आई’ या नावावर बोट ठेवलं. मावशीला सांगायचं होतं की यायला उशीर होईल.

पलीकडून बाईंचा आवाज. ‘‘हॅलो?’’

‘‘अगं मीच. तू जेवून घे, मला उशीर होतोय.’’

जरा वेळ शांतता. मग, ‘‘मी जेवले रे बाळा. पण तू कोण?’’

दादाने घरी येऊन हा किस्सा हसत हसत सांगितला. मला फोन केला तो या कारणासाठी नव्हताच. त्याची खरी तक्रार होती की फोन जोडल्यावर कॉल स्पीकरवर ऐकू येतात, पण गाणी वाजत नाहीत. शिवाय वहिनींचा फोन सारखा तुटतो आणि मुलीचा टॅब तर जोडलाच जात नाही. मी पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे नात्यात कुणाची बॅटरी उतरली तरी फोन मलाच येतो. चारही तक्रारींत मला काळजी वाटली ती एकाच गोष्टीची, आणि ती दादाने विनोद म्हणून सांगितली होती.

पुढच्या शनिवारी सांगलीला गेलो.

गाडीत काय होतं

कंपनीचा मूळ स्टीरिओ आधीच्या मालकाने काढून त्या जागी नऊ इंची अँड्रॉइड स्टीरिओ बसवलेला होता. ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो तसला, पेटीवर धड नाव नसलेला. चालू करताना गाडीच्या कंपनीचा लोगो झळकतो, पण ते नुसतं चित्र आहे, कुणीही बदलू शकतं. सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती १२ लिहिलेली होती. तपासणीचं एक साधं ॲप टाकलं तर आत १० निघाली. या स्वस्तातल्या मालात असं बरेचदा आढळतं. सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख कित्येक वर्षं जुनी होती, आणि पुढे अपडेट येईल कुठून हेही कुणाला ठाऊक नाही, कारण बनवणारा कोण तेच ठाऊक नाही.

मागच्या वायरिंगमध्ये एक छोटी डबी होती, कॅनबस बॉक्स. स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं स्टीरिओला कळावीत म्हणून ती गाडीच्या आतल्या वायरिंगवरचे संदेश वाचते. आणखी एक गोष्ट सापडली. हँडब्रेक ओढलेला असेल तेव्हाच व्हिडिओ दिसावा यासाठी स्टीरिओला एक वेगळी वायर असते. ती बसवणाऱ्याने थेट बॉडीला अर्थिंग करून टाकली होती, म्हणजे गाडी पळत असतानाही पिक्चर चालू. दुकानात हे सर्रास करून देतात, गिऱ्हाईकच मागतं म्हणून. मी ती सोडवून हँडब्रेकच्या स्विचला जोडली. दादाला ते फारसं आवडलं नाही, वहिनींना मात्र आवडलं.

गाणी का वाजत नव्हती

ब्लूटूथ म्हणजे एक नळी आणि तिच्यातून सगळं वाहतं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात एकदा पेअर केल्यावर फोन आणि स्टीरिओ यांच्यात वेगवेगळी कामं वेगवेगळ्या करारांवर चालतात. आमच्याकडे त्यांना प्रोफाइल म्हणतात. एचएफपी कॉलसाठी, त्यात आवाज एकेरी आणि टेलिफोनच्या दर्जाचा. एटूडीपी गाण्यांसाठी, स्टीरिओ आवाजाचं. एव्हीआरसीपी पुढचं गाणं, मागचं गाणं आणि स्क्रीनवर दिसणारं गाण्याचं नाव यांसाठी. त्यानंतरची दोन लोकांच्या लक्षातच येत नाहीत: पीबॅप फोनबुक आणि कॉलची यादी स्टीरिओत उतरवतं, आणि मॅप (इथे नकाशा नव्हे, हेही प्रोफाइलचंच नाव) मेसेज दाखवतं.

दादाच्या फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत स्टीरिओच्या नावाशेजारच्या चक्रावर बोट ठेवलं तर ‘मीडिया ऑडिओ’ बंद आणि ‘कॉल’ चालू. तपासाला एक मिनिट लागलं. पहिल्या दिवशी गाडी सुरू केली की गाणं आपोआप वाजायला लागायचं, म्हणून मुलीने ते बटण बंद केलं होतं आणि ती विसरली होती. त्याच पानावर खाली तिसरं बटणही होतं, ‘काँटॅक्ट आणि कॉलची माहिती द्या’. ते चालू होतं. पेअर करताना दोन प्रश्न आले असतील, दादाने दोन्हींना ‘अलाऊ’ केलं असेल. सगळेच करतात. गाडी सुरू असते, मागे हॉर्न वाजत असतो, आणि प्रश्न असा विचारलेला असतो की ‘नाही’ म्हटलं तर बहुधा काहीच चालणार नाही. गाणं ऐकायला फोनबुक लागत नाही, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

वहिनींच्या फोनचं दुखणं वेगळं होतं. पेअर करताना दोन्ही बाजू एक किल्ली आपापल्याकडे जपून ठेवतात. वहिनींनी मध्ये एकदा वैतागून फोनमधून स्टीरिओ काढून टाकला होता, पण स्टीरिओने त्यांचा फोन काढलेला नव्हता. एकाने काडीमोड घेतला आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, अशी गत. शिवाय हा स्टीरिओ कॉलसाठी एका वेळी एकच फोन धरतो. दादा गाडीत असला की त्याचा फोन आधी जोडला जायचा आणि वहिनींचा बाहेर फेकला जायचा. दोन्ही बाजूंनी जुनी नोंद पुसून नव्याने पेअर केल्यावर भांडण मिटलं.

ती पुसताना पेअर केलेल्या फोनची यादी पाहिली. पाच नावं. त्यातली तीन आमच्या घरातली नव्हती.

टॅबचा घोळ

हा भाग खरं तर सोपा होता, पण दुपार त्यातच गेली. मुलीचा टॅब सिम नसलेला, फक्त वायफायचा. फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं अँड्रॉइड ऑटो टॅबवर चालत नाही आणि तसंच ॲपलचं कारप्ले आयपॅडवर चालत नाही, दोन्ही फोनसाठीच आहेत. उरलं साधं ब्लूटूथ. टॅब म्हणतो, मी फक्त गाणी देईन, आणि या स्टीरिओला जोडणारा प्रत्येक जण फोनच वाटतो, कॉलची सोय नाही म्हटल्यावर तो सोडून देतो. चांगल्या स्टीरिओत असं होत नाही, कॉलला एक आणि गाण्यांना दुसरं यंत्र सुखाने नांदतं.

म्हणून वायर. मागे ऑक्सची, म्हणजे वायरने बाहेरचा आवाज आत घ्यायची, खोबण होती. टॅबला हेडफोनचं छिद्र नाही, तेव्हा चार्जिंगचीही खोबण असलेला सी-टाइपचा छोटा ॲडॅप्टर आणि त्याला ३.५ मिलिमीटरची ऑक्स केबल. आवाज झकास. वायरचा आणखी एक फायदा असा की ब्लूटूथवर आवाज थोडा मागून येतो, गाण्याला चालतं, पण कार्टूनमध्ये तोंड आधी हलतं आणि शब्द नंतर पोचतात. ऑक्सवर ते होत नाही.

पण टॅब चार्जिंगला लावला आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू झाली. रेस दिली की शिट्टीही चढत जाई. दादा म्हणाला, ‘‘स्पीकर गेला बघ.’’ स्पीकरला काही झालेलं नव्हतं. टॅबला आता दोन वाटांनी अर्थिंग मिळत होतं, एक चार्जरमधून आणि एक ऑक्स केबलमधून, आणि त्या फेऱ्यात अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, कुरकुर गाण्यात मिसळत होती. चार्जरची वायर उपसली की आवाज गप्प, हीच त्याची खूण. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी वस्तू मध्ये लावली की ही तक्रार जाते. मुंबई-पुण्यात किंवा ऑनलाइन मिळते, काही शे रुपयांत. ती येईपर्यंत टॅब आधी घरी चार्ज करायचा, असं ठरलं.

दुकानदाराने दादाला एफएम ट्रान्समीटरही, म्हणजे फोनचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणारं यंत्र, सुचवला होता. मी नको म्हटलं. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शहरात मोकळी जागा सापडणं मुश्किल, आणि सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीत तीच फ्रीक्वेन्सी लागली असेल तर तुमच्या कॉलवर पलीकडचा माणूस काय बोलतोय ते तिथे ऐकू जाऊ शकतं. फार नाही, दोन गाड्यांच्या अंतरापुरतं. पण सासूबाईंशी बोलायला तेवढंही अंतर पुष्कळ झालं.

‘आई’ कुठून आली

संध्याकाळी स्टीरिओचं फोनबुक उघडलं. सातशेच्या वर नावं. ‘आई’, ‘बाबा नवीन’, ‘एलआयसी काका’, ‘वकील कोर्ट’, ‘दूध’. एकही नाव आमच्या ओळखीचं नाही. दादाचा फोन जोडल्यावर त्याची यादी खाली वेगळी उतरली होती, पण स्क्रीनवर वर चिकटवलेली आवडती नावं जुन्या मालकाचीच राहिली होती. त्यातल्या ‘आई’वर बोट ठेवलं की स्टीरिओ तो जुना नंबर दादाच्या फोनला देई आणि दादाचा फोन बिचारा तो लावी. चूक कुणाचीच नाही, आज्ञापालन मात्र चोख.

नीट बनवलेल्या सिस्टिममध्ये फोन तुटला की त्याचं फोनबुक दिसेनासं होतं. तेही पुसलं जातं असं नाही, पुष्कळदा नुसतं झाकलं जातं. या स्टीरिओत झाकण्याचीही तसदी घेतलेली नव्हती.

मग बाकीचं पाहिलं, आणि तिथे माझा हात थांबला. प्ले स्टोअरमध्ये जुन्या मालकाचं गूगल खातं अजून चालू. नकाशाच्या ॲपमध्ये ‘घर’ आणि ‘ऑफिस’ असे दोन ठिपके. यूट्यूबवर त्यांनी काय पाहिलं त्याची यादी. बहुतेक बैठकीची लावणी आणि शेअर बाजार, असं दादा खांद्यावरून वाकून म्हणाला, तेव्हा मी स्क्रीन बंद केली. मेलचं ॲपही होतं. ते उघडलं नाही.

विचार करा, गाडी एजंटच्या मैदानात काही आठवडे उभी होती. किल्ली तिथे, टेस्ट ड्राइव्ह घेणारे दहा-वीस जण. त्यांच्यातल्या कुणालाही या माणसाचं घर, ऑफिस, आई, वकील आणि पत्रव्यवहार एका बोटावर मिळत होता. त्यासाठी हॅकर असण्याची गरज नव्हती.

सुरक्षेचा विषय निघाला की लोक लगेच २०१५च्या जीप चेरोकीचं उदाहरण देतात. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी घरात बसून सेंट लुइसजवळच्या हायवेवर धावणारी जीप हातात घेतली होती. गाडीत एक पत्रकार होता, त्याच्या संमतीने. आत शिरायची वाट होती म्युझिक सिस्टिमचं मोबाइल नेटवर्क, आणि त्यापायी अमेरिकेत १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उदाहरण खरं आहे आणि गंभीरही आहे. पण दादाच्या गाडीशी जास्त जवळचं उदाहरण त्यानंतरचं आहे. आयबीएमच्या सुरक्षा-तपासणी गटाचे चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये आरएसए या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत सांगितलं की त्यांनी आपली जुनी गाडी डीलरला दिली, आतली माहिती पुसूनही दिली, तरी कित्येक वर्षांनंतर त्यांच्या फोनमधल्या ॲपमधून ती गाडी कुठे आहे ते दिसत होतं आणि तिचं दार उघडता येत होतं. म्हणजे धोका उलट्या दिशेनेही असतो. दादाच्या स्टीरिओला सिम नाही, त्यामुळे ती चिंता इथे नव्हती. पण २०१९ पासून आपल्याकडे आलेल्या ‘कनेक्टेड’ गाड्या आता सेकंडहँड बाजारात उतरल्या आहेत. तशी गाडी घेताना जुन्या मालकाच्या ॲपमधून ती काढून टाकली आहे का, हे त्याच्यासमोर बसून पाहावं.

काय केलं, आणि काय चुकलं

पहिलं काम, जुन्या मालकाला कळवणं. त्यांचा नंबर आमच्यासमोर स्क्रीनवरच असणार होता, पण तो तिथून उचलायचा नाही असं मी ठरवलं. दादाला हे सोवळं वाटलं. एजंटला फोन केला, त्याने नंबर द्यायला नकार दिला, जे योग्यच होतं, आणि निरोप देतो म्हणाला. दीड तासात त्या गृहस्थांचा फोन आला. आवाज घाबरलेला. ‘‘गाडीत काही प्रॉब्लेम निघाला का? मी सगळं सांगूनच दिली होती हां.’’

स्टीरिओचं सांगितल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्या आईला परवा जेवायला सांगणारे तुम्हीच होय!’’

त्यांना फोनवरच सांगितलं: गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर ‘तुमची उपकरणं’ अशी यादी असते, तिच्यात हा स्टीरिओ शोधून साइन आउट करा, मग पासवर्ड बदला. त्यांनी ते माझ्याशी बोलता बोलता केलं. यादीत स्टीरिओचं नाव नुसते आकडे आणि अक्षरं असं होतं, त्यामुळे आजवर कधी पाहिलं असतं तरी ओळखू आलं नसतं, असं म्हणाले. ते बोलत होते ते बरोबरच होतं. गाडी विकताना त्यांनी फॉर्म २९ भरला, फॉर्म ३० भरला, इन्शुरन्सचे कागद दिले, दुसरी किल्ली दिली. स्टीरिओबद्दल आरटीओ विचारत नाही, एजंट विचारत नाही.

दुसरं काम फॅक्टरी रिसेट, आणि इथे मी माती खाल्ली. रिसेट करण्याआधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवायचे असतात. मी काढले नाहीत. घाईत होतो, मावशीने जेवायला दोनदा हाक मारली होती. रिसेटनंतर स्टीरिओ कोरा करकरीत झाला, आणि त्याबरोबर कोणता कॅनबस बॉक्स लावला आहे ही नोंदही गेली. स्टिअरिंगवरची बटणं मेली. रिव्हर्स कॅमेऱ्यात डावं ते उजवं दिसायला लागलं, जे मागे घेताना भलतंच महागात पडू शकतं. रात्री अकरापर्यंत टॉर्चच्या उजेडात डबीवरचा क्रमांक वाचून, यादीतले पर्याय एकेक लावून पाहत बसलो. कॅमेरा पाच मिनिटांत सरळ झाला, बटणं चौदाव्या पर्यायाला जागी झाली.

त्यातही गंमत अशी की पेअर केलेल्या फोनची नावं रिसेटनंतरही तशीच होती. काही स्टीरिओत ब्लूटूथचा भाग वेगळा असतो आणि तो आपली वही स्वतः सांभाळतो, अँड्रॉइड पुसलं म्हणून ती पुसली जात नाही. तिन्ही नावं हाताने काढली. मग दादाचा फोन जोडून ‘आई’ शोधलं, मावशीच्या खोलीत फोन वाजला, तेव्हा कुठे मी उठलो.

तिसरं, नव्याने काय जोडायचं ते. स्टीरिओत दादाचं मुख्य गूगल खातं घालायचं नाही. यूट्यूब हवंच असेल तर त्यासाठी वेगळं, मोकळं खातं उघडायचं. ज्याला अपडेट येत नाही अशा यंत्रात आपल्या बँकेच्या मेलचं खातं ठेवण्यात शहाणपण नाही. पेअर करण्याचा पिन ‘0000’ होता. नव्या ब्लूटूथमध्ये दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे दिसतात आणि ते जुळतात का ते पाहून होकार द्यायचा असतो, या स्टीरिओत ती सोयही नव्हती. निदान पिन बदलून घेतला. हॉटस्पॉटचा पासवर्ड स्टीरिओत जपून ठेवण्यापेक्षा दर वेळी फोनवरून चालू करायचा, हे दादाने दोन दिवस पाळलं असेल.

फोनबुक द्यायचं की नाही यावर मात्र घरात वाद झाला. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, माझ्या फोनमध्ये शाळेतल्या दीडशे पालकांचे नंबर आहेत. ते कशाला गाडीत?’’ वहिनी शिक्षिका आहेत. दादाचं म्हणणं, चालवताना फोन हातात घ्यायचा नाही असं तुम्हीच सांगता, मग नाव स्क्रीनवर नको तर नंबर काय पाठ करू? त्याचंही खोटं नव्हतं. आयफोनमध्येही ब्लूटूथच्या यादीत स्टीरिओच्या नावापुढच्या ‘आय’वर गेलं की काँटॅक्ट आणि नोटिफिकेशन अशी दोन वेगळी बटणं मिळतात, तेव्हा हे माणसागणिक ठरवता येतं. मेसेजच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं: बंद. बँकेचा ओटीपी हाही मेसेजच असतो, आणि तो नऊ इंची अक्षरांत मागे बसलेल्या पाहुण्यांपुढे उमटावा असं कुणालाच वाटत नव्हतं.

जाता जाता दादाने विचारलं, ओला-उबरमध्ये ड्रायव्हरची केबल फोनला लावतो, त्याचं काय? केबलमधून वीजही जाते आणि माहितीही. फोन ‘फक्त चार्जिंग’ की ‘फाइल द्यायच्या’ असं विचारतो, आयफोन ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ विचारतो. परक्या गाडीत पहिला पर्याय आणि ‘नाही’. त्याहून बरं म्हणजे सिगारेट सॉकेटमध्ये आपला छोटा चार्जर लावणं. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये माहितीच्या दोन तारा नसतातच, त्यामुळे ती परक्या गाडीत उत्तम आणि आपल्या गाडीत अँड्रॉइड ऑटोला निरुपयोगी. ‘ऑटो चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत मी आधी केबलच बदलून बघतो.

दिवाळीत पुन्हा सांगलीला गेलो. आयसोलेटर लागला होता, शिट्टी गेली होती, टॅबवर कार्टून चालू होतं. दादाच्या बाजूने फोनबुक पुन्हा चालू केलेलं दिसलं. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, ‘‘गाडी विकायला काढली की तुला आधी बोलावतो.’’ वहिनींचा फोन मात्र अजून फक्त गाण्यांपुरताच जोडलेला आहे.